झोपेचा नवस

भांडगावच्या अनिताला एका नटीचा हेवा वाटायचा. तिच्या दागिन्यांचा नाही, बंगल्याचा नाही, नवऱ्याचा तर मुळीच नाही; तो अनिताला जरा बावळटच वाटायचा. तिला हेवा वाटायचा तो त्या नटीच्या थकव्याचा.

नटी हिंदी सिनेमातली. वर्षापूर्वी तिला मुलगी झाली आणि तेव्हापासून ती थकलेली होती. हे साऱ्या देशाला ठाऊक होतं, कारण ती दर आठवड्याला मोबाइलवर येऊन तसं सांगायची. पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन, केस बेतानं विसकटून बसायची आणि म्हणायची की आई होणं सोपं नसतं, मी आतून रिकामी झाले आहे. मुलीला सांभाळायला दिवसा एक बाई, रात्री दुसरी, स्वयंपाकाला महाराज, शिवाय तिची स्वतःची आई घरात. एवढं असूनही थकवा हटेना, तेव्हा ती डोंगरातल्या कुठल्याशा आश्रमासारख्या हॉटेलात जाऊन राहिली. तिथं तिच्या कपाळावर तेलाची धार धरत, पावलं चोळत, आणि तिला कुणीही हाक मारायची नाही असा तिथला नियम होता.

अनिता हे बघायची ते काही रिकामपण होतं म्हणून नव्हे. तिची जुळी पोरं मोबाइल समोर धरल्याशिवाय घास घ्यायची नाहीत. कार्टून लावावं तर एकाला बस हवी, दुसऱ्याला हत्ती, आणि त्या भांडणात वरण अंगणात. नटीवर मात्र दोघांचं एकमत होतं, कारण तिच्या सोफ्यामागून एक पांढरं कुत्रं फिरायचं. त्यामुळे सत्यजीत आणि विश्वजीत कुत्रं बघायचे, आई थकवा बघायची, आणि भात आपोआप पोटात जायचा.

त्यातला एक भाग अनितानं पुन्हापुन्हा लावून पाहिला होता. मुलाखत घेणारी बाई जराशी पुढं वाकते, विचारते, खूप थकलात का? आणि मग गप्प बसते. नटी डोळे पुसते, पाणी पिते, खिडकीबाहेर बघते, तरी ती बाई गप्पच. उत्तर येईपर्यंत थांबते. आपल्याकडं एखादी बाई थकले म्हणाली की लोक विचारतात, का, काय केलंस एवढं? त्या थांबण्याचा अनिताला खरा हेवा होता.

अनिताचं माहेर शिरूरच्या बाजूचं, घोडनदीच्या काठचं. बारावी झाली, पुढं शिकायचं मनात राहिलं, आणि लग्न होऊन ती भांडगावच्या माळ्यांच्या वस्तीवर आली. घरचं रान झेंडूचं आणि शेवंतीचं. नवरा सुदर्शन आपली आणि आजूबाजूच्या वस्त्यांची फुलं पिकअपमध्ये भरून पुण्याच्या मार्केटला न्यायचा. माणूस वाईट नव्हता. ओरडायचा नाही, पिण्याच्या वाटेला जायचा नाही. फक्त घरात आला की पाहुण्यासारखा बसायचा, आणि पोरं रडायला लागली की, अगं, रडतायत बघ, अशी बातमी बायकोला पोचवायचा. जणू तिला ते ऐकूच आलं नव्हतं.

सासू शेवंताबाई. तिनं चार लेकरं झेंडू तोडता तोडता वाढवली होती आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. आमच्या टायमाला म्हणून ती बोलायला लागली की सून समजून जायची, आता आपण काय काय करत नाही ते ऐकायचं आहे. पण बाईच्या हातात कसब होतं. तिच्यासारखा हार त्या पट्ट्यात कुणी गुंफत नसे. फूल आणि पान असं बसवायची की दोरा शोधून सापडू नये.

आणि पोरं. तीन वर्षांची ती दोन भुतं. सत्यजीत पळायचा आणि विश्वजीत विचारायचा. एकाला विहिरीच्या कडेवरून ओढून आणावं तर दुसरा पदर धरून विचारतोय, आई, गाय दात कवा घासती? एकाच्या मागं धावलं की दुसऱ्याचं उत्तर राहायचं आणि उत्तर राहिलं की तो भोकाड पसरायचा. रात्री एक झोपला की दुसरा उठायचा. दोघांनी आपसात पाळी लावून घेतली असावी. सलग झोप म्हणजे काय हे अनिता विसरून गेली होती. लग्नाआधी आपण दुपारी चटईवर पडायचो, उठायचो तेव्हा गालावर चटईचे वळ असायचे, एवढं तिला आठवायचं. त्या वळांचीसुद्धा तिला आठवण यायची.

मग पितृपंधरवड्यात ते झालं.

त्या दिवशी सासऱ्यांचं पित्र होतं. जेवायची पंगत बसायची होती, अनिता चुलीपुढं वडे तळत होती. तेवढ्यात दोघं पोरं एक घमेलं दोन्हीकडून धरून, धापा टाकत, दारात आली. घमेलं झेंडूच्या कळ्यांनी भरलेलं. हिरव्यागार, मिटलेल्या, दसऱ्याला उमलायच्या कळ्या. रोज आईला तोडताना बघत होती. आज आई कामात आहे म्हणून त्यांनी आईचं काम करून टाकलं होतं. रानातली एक अख्खी सरी त्यांनी साफ केली होती.

"आई, फुलं," विश्वजीत म्हणाला.

अनिताचा हात उठला आणि त्याच्या गालावर बसला. तळहाताला पीठ होतं, ते त्याच्या गालावर उमटलं. तो रडला नाही. त्यानं आधी आईकडं पाहिलं, मग वाकून घमेल्यात पाहिलं. आपण आणलं त्यात काही किडा-साप आहे की काय, हे तो बघत होता.

पंगत उठली, खरकटं निघालं, सगळं झालं. पण त्यानंतर अनितानं फळीवरचा डबा काढायला हात वर केला तरी तो पोरगा मान आत घ्यायला लागला. दोन-तीन दिवसांनी सत्यजीतनं पाण्याचा तांब्या लवंडला, तेव्हा तिनं त्यालाही मारलं. कळ्यांच्या वेळी निदान राग आला होता. या वेळी रागसुद्धा नव्हता. हात आपला आपण जाऊन आला. तिला त्याची भीती वाटली. माहेरच्या गल्लीत एक म्हाळसाकाकू होत्या, त्यांचा हात असाच होता. पोरं जवळून गेली की सहज बसायचा, माशी हाकलावी तसा. त्यांची पोरं मोठी झाली तशी आईच्या हाताला येईनाशी झाली, आणि मग आईकडंही येईनाशी झाली. आपल्याला आता थांबता आलं पाहिजे, एवढंच अनिताला कळत होतं. कसं थांबायचं ते कळत नव्हतं.

ते तिला देवळाच्या भोंग्यावरून कळलं. वस्तीपलीकडच्या टेकाडावर तुकाईचं जुनं देऊळ आहे. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि पुजारी भोंग्यावरून सांगत होता की घटी बसणाऱ्या बायकांनी आपली नावं द्यावीत. दरवर्षी गावातल्या काही बाया तिथं घटी बसतात. घट बसल्यापासून उठेपर्यंत देवळातच राहायचं, उपवास करायचा, जमिनीवर निजायचं, घराची पायरी चढायची नाही. त्यांना घरचं काम कुणी सांगायचं नाही आणि नावानं हाक मारायची नाही; त्या काळात त्या देवीच्या. अनितानं हे लग्न झाल्यापासून ऐकलं होतं, पण त्या संध्याकाळी ऐकताना तव्यावरची भाकरी करपली. डोंगरातल्या त्या हॉटेलातही हाच नियम होता.

दुसऱ्या दिवशी तिनं घरात सांगून टाकलं की मला घटी बसायचं आहे, माझा नवस आहे. पोरं जन्मली तेव्हा अशक्त होती, काही दिवस काचेच्या पेटीत होती. तेव्हा मी तुकाईला बोलले होते. हे साफ खोटं होतं. त्या दिवसांत घरच्या प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या देवाला गाठलं होतं, पण अनिताला नवस बोलायची शुद्धच नव्हती.

शेवंताबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. माळ्याच्या घरची सून आणि झेंडूच्या ऐन तोडणीत नऊ दिवस देवळात? दसऱ्याच्या तोंडावर? पण देवीचं नाव घेतल्यावर आडवं कोण जाणार? तिनं एवढंच विचारलं की तीन वर्षं आठवला नाही तो नवस आत्ताच कसा आठवला. अनिता म्हणाली, तुकाईनंच आठवण करून दिली. सुदर्शननं मात्र मुद्द्याचं विचारलं.

"आन् पोरं?"

"तुमचीच हायत की," अनिता म्हणाली.

जाताना तिनं आपला मोबाइल सासूच्या हातात दिला. पोरांच्या जेवणासाठी नटी आणि कुत्रं घरी लागणारच होतं.

देवळात सातआठ बाया होत्या, बहुतेक अनिताहून मोठ्या. त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी धुरपदाआजी. काठीनं चालणारी, आवाजानं पुढाऱ्यासारखी. ती तिथली कारभारीण. पहाटेची आंघोळ, आरती, फराळाची भगर, सगळं तिच्या हुकुमानं चालायचं. पहिल्या माळेच्या संध्याकाळी तिनं अनिताला नियम सांगितले. शेवटचा नियम असा, की अखंड दिव्याला तेल घालायला रात्रीची जाग जुन्या बायांनी करायची. नव्यानं बसलेल्या बाईनं दिवा राखायचा नसतो, देवीला चालत नाही.

"मग म्या काय करायचं?" अनितानं विचारलं.

"पडायचं," आजी म्हणाली.

अनिता घोंगडीवर पडली ती पडलीच. पहाटे उठवली तेव्हा आंघोळ करून आरतीला उभी राहिली, टाळ्या वाजवता वाजवता डुलली, चार घास भगर खाल्ली आणि पुन्हा खांबाशी जाऊन आडवी झाली. दुसरी माळ चढली तिला कळली नाही. कुणी तिच्या अंगावर लुगडं टाकलं, कुणी डोक्याखाली वळकटी सरकवली. मधेच जाग यायची, कानात पोरांचं रडणं घुमायचं, ती धडपडून उठायला जायची. मग समोर दगडी खांब दिसायचा आणि ती परत पडायची. अशी झोप तिनं लहानपणी तापात काढली होती, त्यानंतर आत्ताच.

तिसऱ्या माळेला तिचे डोळे नीट उघडले आणि उघडल्याबरोबर लाजेनं भरून आले. देवीच्या दारात येऊन आपण दोन दिवस घोरत पडलो. आजी दिव्याच्या वाती वळत बसली होती. अनिता तिच्यापाशी जाऊन बसली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली की माझा नवस खोटा आहे, मी घरात खोटं बोलून आले.

आजीनं वात वळायचं थांबवलं नाही.

"नवस कुणाचा खराय हितं? ती रतनबाई बघ, तीन वर्सं झाली, गुडघ्यासाठी बसती म्हनती. गुडघा कवाच बरा झाला तिचा. म्या पयल्यांदा बसले तवा माझी धाकटी अंगावर पीत व्हती. चार माळा निस्ती झोपले. मुक्ताबाई म्हून म्हातारी व्हती तवा, तिनं सांगितलं, नव्या बाईनं दिवा राखायचा नसतो."

"म्हंजी तो नेम..."

"देवीनं कुटं सांगितलाय? बायांनीच केलाय."

अनितानंही एक वात वळायला घेतली. मग तिनं घमेल्याची, कळ्यांची, पिठाच्या हाताची गोष्ट सांगितली. सत्यजीतची आणि तांब्याचीही सांगितली. सांगताना तिची मान खाली होती. आता आजी दोन शब्द सुनावेल, आमच्या टायमाला म्हणेल, म्हणून ती वाट बघत राहिली. आजीनं वात तेलात भिजवली, हात पदराला पुसले आणि विचारलं, "लई थकली व्हतीस का गं?"

आणि मग ती गप्प बसली. बाहेर कुणी नारळ फोडला, घंटा वाजली, दर्शनाला आलेली माणसं आली आणि गेली. आजी तशीच बसून होती. शेवटी अनिता रडली. भरपूर रडली, नाक ओढत, पदर भिजवत. एकदाही कुणी तिला आता पुरे म्हणालं नाही. त्या दुपारी तिला त्या नटीची आठवण झाली आणि पहिल्यांदाच हेव्याशिवाय झाली. बाई खरंच थकली असेल, तिला वाटलं. नोकर असले म्हणून काय झालं, लेकरू रडलं की काळीज आईचंच हलतं.

घरच्या बातम्या दर्शनाला येणाऱ्या बायका आणून देत होत्या, आणि अशा बातम्या आणणाऱ्याला चालताना पाय दुखत नाहीत. सुदर्शन दोन्ही पोरांना पिकअपमध्ये घालून मार्केटला गेला होता. तिथं सत्यजीत दुसऱ्याच्याच फुलांच्या ढिगात जाऊन बसला आणि निघेना. यवतच्या ढाब्यावर सुदर्शननं पोरांसमोर भजी ठेवली आणि स्वतः टेबलावर डोकं ठेवून झोपला. मालकानं उठवलं तेव्हा पोरं शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यांच्या ताटात जेवत होती. बाया हसून हसून लोळल्या. अनिताही हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडं होतं.

तिचं लक्ष माळेकडं होतं. घटावर चढणारी रोजची माळ त्यांच्याच घरून यायची, शेवंताबाईच्या हातची. पहिली माळ नेहमीसारखी होती, भरगच्च, दोरा कुठं दिसत नव्हता. तिसरीत फुलं लहानमोठी आली. चौथीत मधेमधे दोरा दिसायला लागला. पाचवी माळ आली ती अनितानं हातात घेऊन पाहिली. फुलांच्या माना मोडलेल्या, पानं उलटी, आणि शेवटची गाठ दोऱ्याची नव्हतीच, सुतळीची होती. पुजाऱ्याला काही वाटलं नाही. अनिताला मात्र सासूचे हात दिसले. पहाटे झेंडू, मग दोन पोरं, मग चूल, मग पुन्हा झेंडू, आणि शेवटी उरलेल्या डोळ्यांनी ही माळ. शेवंताबाई उलट्या पानाची माळ देवीला पाठवते म्हणजे ती बाई पार मोडली आहे.

अनितानं घोंगडी झाडून घडी केली. धुरपदाआजीला म्हणाली, मी उठते. आजी म्हणाली, बसलेल्या बाईनं मधेच उठू नये. अनिता म्हणाली, हा नेमही बायांनीच केला असेल.

अनिता मंडपात आली आणि तिथंच थांबली. पायऱ्या चढून शेवंताबाई येत होती. एका हाताला सत्यजीत, दुसऱ्या हाताला विश्वजीत. सत्यजीतच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती, विश्वजीतच्या डोळ्यांतलं काजळ कानापर्यंत गेलं होतं. शेवंताबाईचा अंबाडा सुटलेला.

घटी बसलेल्या बाईला शिवायचं नसतं, म्हणून सासू उंबऱ्याबाहेरच थबकली. सत्यजीतला थांबवणं तुकाईलाही जमलं नसतं. तो सरळ येऊन आईच्या पायांना चिकटला. विश्वजीत उभाच राहिला. अनिता खाली बसली. तिनं हात पुढं केला नाही. तिला भीती वाटत होती, तो मान आत घेईल म्हणून. ती नुसती त्याच्या उंचीची होऊन थांबली.

तो आला. अगदी जवळ आला, तिच्या तोंडाकडं नीट बघितलं, आणि हात उचलून त्यानं आईच्या गालावर चापट मारली. चांगली सणसणीत.

"तू गेली," तो म्हणाला. मग तो तिच्या गळ्यात पडून असा रडला की सभामंडप दणाणला. कळ्यांच्या दिवसापासूनचं सगळं रडणं त्यानं साठवून ठेवलं होतं. अनितानं त्याला उचलून घेतलं. कुणीतरी सोवळ्याचं काही म्हणायला तोंड उघडलं, तर धुरपदाआजीनं काठी आपटली.

"लेकराला कसलं आलंय सोवळं? फिटलं म्हनावं दोघांचं."

पोरं देवळातल्या उंदराच्या मागं लागली तेव्हा अनितानं सासूला सांगितलं की मी आत्ताच घरी येते, तुमची माळ बघितली. शेवंताबाई उंबऱ्याबाहेर टेकली होती. तिनं अंबाडा बांधायला हात वर नेले आणि तसेच खाली सोडले.

"काल माझा बी हात उटला गं पोरावर," ती म्हणाली. "मारलं न्हाई. पर उटला. तवा मला समजलं तू कशापायी आलीस. नवस-बिवस ऱ्हाऊ दे. आता बसलीयास तर बस पुरी. म्या सुदर्शनला सांगितलंय, मार्केटला भावकीतलं कुनी जाईल, तू घरी थांब आन् पोरं बघ. त्याला जरा समजू दे."

अनितानं तरी दोनदा म्हणून पाहिलं. सासूनं ऐकलं नाही. उठताना ती गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तशीच वाकून राहिली. मग दोन्ही नातवांना हाका मारत, त्यांच्या मागं धावत, पायऱ्या उतरून गेली. सहाव्या माळेची फुलं सरळ होती, पण हात शेवंताबाईचा नव्हता. ती माळ सुदर्शननं ओवली होती. सुई बोटात घुसल्याचा डाग एका पाकळीवर होता. अनितानं ती माळ घटावर स्वतःच्या हातानं चढवली.

दसऱ्याला घट उठले आणि अनिता घरी आली. पोरांनी तिला दिवसभर सोडलं नाही. एक पाठीवर, एक कडेवर. विश्वजीतनं साठलेले सगळे प्रश्न विचारले आणि तिनं जमतील तेवढ्यांची उत्तरं दिली. संध्याकाळी सुदर्शन न सांगता पोरांना घेऊन ओढ्याकडं आपटा आणायला गेला. जाताना तो बायकोला फक्त म्हणाला, "हे रोज करतीस तू?" त्यात कौतुक किती आणि धास्ती किती, हे सांगणं कठीण होतं.

अंगणात सासू-सुना दोघीच उरल्या. रान रिकामं झालं होतं. शेवंताबाई पाय लांब करून भिंतीला टेकली होती. अनितानं चहा आणून दिला. सासूनं तो बशीत ओतला, फुंकर घातली, पण प्यायली नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. उभ्या जन्मात सुनेला हुकूम सोडून दुसरं काही सांगायची तिला सवय नव्हती. अनिता गप्प बसून राहिली.

बऱ्याच वेळानं, बशीकडंच बघत, शेवंताबाईनं विचारलं, "तितं खरंच झोप लागती का गं?"

"लागती, आत्या."

"माजं लगीन झाल्यापासनं दसऱ्याला झेंडू हाय," शेवंताबाई म्हणाली. "दरसाली भोंगा ऐकते म्या. नाव द्यायचं मनात यायचं. पर कोन तोडनार फुलं?"

तिनं चहाचा एक घोट घेतला.

"येत्या साली म्या बसू का?"